सवाना मॉनिटरच्या नाकाडावरची जखम पुन्हा पुन्हा का उघडते: पेटीचे माप ठरवताना होणाऱ्या चुका आणि त्यांवरील उपाय

नाकाडावरची जखम मलमाने भरते आणि तीन आठवड्यांत पुन्हा उघडी पडते. बोटांवरची कात सुटत नाही. जनावर दिवसभर काचेवर पंजे घासत राहते, किंवा याच्या अगदी उलट, कोपऱ्यात निपचित पडून राहते. खाणे आठवडाभर अधाशासारखे चालते आणि नंतर एकाएकी थांबते. अमेरिकेत मॉनिटर, म्हणजे आपल्या घोरपडीच्याच कुळातला मोठा सरडा, पाळणाऱ्या मराठी परिचितांकडून हीच लक्षणे मी वारंवार ऐकत आलो आहे. माझ्याशी बोलण्यापूर्वी त्यांचा दिवा बदलून झालेला असतो, खुराक बदलून झालेला असतो, कॅल्शियमची पूडही बदलून झालेली असते. फक्त पेटी तीच असते. पेटी लहान आहे हे अनेकांना कळत असते, पण ‘लहान’ म्हणजे फक्त आखूड असे समजून ते तीन फुटांच्या काचपेटीऐवजी चार फुटांची काचपेटी आणतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा जखमेवर मलम लावत बसतात. मीही नेमके हेच केले होते.

पुढील सर्व विवेचन प्रामुख्याने सवाना मॉनिटर या जातीविषयी आहे, कारण अमेरिकेत स्वस्तात आणि सहज मिळणारा मॉनिटर हाच आहे. सवाना मॉनिटर मूळचा आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ पट्ट्यातील. बाजारात येणारी बहुतेक पिल्ले घाना, टोगो आणि बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांतून येतात. हातात घेतलेले पिल्लू वीतभरही नसते आणि वर्षभरात ते दोन फुटांच्या पुढे जाऊ शकते. प्रौढ जनावर शेपटीसह साधारण तीन ते साडेतीन फुटांचे होते, क्वचित त्याहूनही मोठे.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. ती पाळणे, पकडणे, विकणे हा गुन्हा असून त्यासाठी ३ ते ७ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. परदेशी मॉनिटरही आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींमध्ये मोडतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. त्यामुळे हा लेख वाचून कोणी महाराष्ट्रात पेटी बांधायला घेऊ नये. अंगणात घोरपड आली असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तिला खोक्यात ठेवून मला माप विचारू नये.

आमच्या घरी काय झाले

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझ्या मुलाने सरीसृपांच्या प्रदर्शनातून आणलेल्या पिल्लाचे नाव त्याच्या आजीने फोनवरूनच ‘यशवंती’ ठेवले. सिंहगडाच्या कड्यावर चढलेल्या घोरपडीची दंतकथा तिच्या पिढीला जितकी पाठ, तितकीच आमच्याही. ती नर आहे की मादी हे तेव्हा कोणाला सांगता आले नाही आणि या जातीत ते बाहेरून ओळखणे इतके अवघड असते की आजही मी खात्रीने सांगू शकत नाही. नाव ठेवून झाले आहे, म्हणून ‘ती’.

विक्रेत्याने ४० गॅलनची, ३ फूट लांब आणि दीड फूट रुंद काचपेटी दिली आणि ‘जनावर पेटीच्या मापाइतकेच वाढते’ असे सांगितले. हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकायला मिळते की त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जनावर पेटीचे माप पाहून वाढायचे थांबत नाही. ते आजारी पडते आणि आजारी जनावराची वाढ खुंटते, एवढाच त्या वाक्यातील खरा भाग आहे.

अकराव्या महिन्यात यशवंतीच्या नाकाडाचे टोक सोलवटले. आम्ही १२० गॅलनची ४ × २ × २ फुटांची पेटी आणली, जखम भरली आणि महिन्याभरात पुन्हा दिसू लागली. तिसऱ्या खेपेला पशुवैद्य डॉक्टरांनी औषध लिहून देण्याआधी माझ्याकडून पेटीची चार मापे मागितली: दिव्याखालच्या दगडाचे तापमान, दिव्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातील हवेचे तापमान, हवेतील आर्द्रता आणि मातीची खोली. दगड ५८ अंश सेल्सिअस होता. तो योग्यच होता. थंड कोपरा मात्र ३६ अंश होता, आर्द्रता २२ टक्के होती आणि मातीची खोली होती तीन इंच, तीही नारळाच्या काथ्याची भुकटी. या चार आकड्यांतच आमचा सगळा रोग लिहिलेला होता आणि त्यांपैकी तीन आकडे पेटीच्या मापामुळेच बिघडले होते.

लहान पेटीत तापमान का जुळत नाही

मॉनिटरला ऊन खाण्यासाठी अतिशय तापलेली जागा लागते. दगडाच्या पृष्ठभागाचे तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत असावे लागते, आणि त्याच वेळी पेटीच्या दुसऱ्या टोकाची हवा २४ ते २८ अंशांवर राहिली पाहिजे. तापलेल्या दगडावर काही मिनिटे अंग शेकायचे, मग सावलीत किंवा बिळात शिरायचे, पुन्हा शेकायचे, असा तिचा दिवस जातो. एका टोकाला ६० आणि दुसऱ्या टोकाला २६ अंश हा फरक चार फुटांत टिकवणे जवळजवळ अशक्य असते. दिवा पुरेसा प्रखर ठेवला की सगळी पेटी भट्टी होते. पेटी थंड राहावी म्हणून दिवा मंद केला की ऊन खायला जागाच उरत नाही.

हाच तो फेरा, ज्यात माणसे अडकतात. जनावर तोंड उघडे ठेवून धापा टाकते, म्हणून दिवा कमी केला जातो. दिवा कमी झाला की अन्न नीट पचत नाही आणि सुस्ती येते. सुस्ती पाहून पुन्हा प्रखर दिवा येतो आणि कोपरा पुन्हा तापतो. प्रत्येक बदलानंतर आठ-दहा दिवस बरे वाटते, त्यामुळे उपाय सापडला असे वाटत राहते. दिव्याच्या वॅटमध्ये उत्तर नसते, कारण दोन टोकांमध्ये अंतरच नसते.

शिवाय जनावराची लांबी विसरता कामा नये. उन्हाचा पट्टा नाकाडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पूर्ण अंगावर पडला पाहिजे; नाहीतर पाठीच्या मधोमध चटका बसतो आणि बाकीचे अंग थंडच राहते. यशवंतीचे शेपटीविना अंग ४५ सेंटिमीटरचे आहे, म्हणजे उन्हाचा पट्टाच दीड फुटाचा हवा. चार फुटांच्या पेटीत दीड फूट उन्हाला गेला आणि दगडाभोवती तापलेला आणखी फूटभर धरला, तर सावलीसाठी दीड फूट उरतो. तेवढ्यात तिचे अंग जेमतेम मावते आणि शेपूट उन्हातच राहते.

लक्षणांवरून नेमके काय चुकते आहे हे बऱ्याच अंशी ओळखता येते. जनावर दिवसभर दिव्याखालून हलत नसेल, तर ऊन पुरेसे तापत नाही. ते दिव्याकडे फिरकतच नसेल, तर एकतर उन्हाची जागा उघड्यावर आणि आडोशापासून लांब आहे, किंवा पेटी आधीच इतकी तापलेली आहे की उन्हाची गरजच उरलेली नाही. पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसून राहणे हे अती उष्णतेचे किंवा कोरडेपणाचे लक्षण आहे. ‘तिला पोहायला आवडते’ असे म्हणून त्याचे कौतुक करू नये. बोटांवर कातीची वळी राहून जाणे म्हणजे आर्द्रता कमी आहे. ती वळी आवळत गेली तर बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून कोमट पाण्यात भिजवून ती हलकेच सोडवावी. नाकाड काचेला घासणे म्हणजे जनावर बाहेर पडण्याची वाट शोधते आहे. ती वाट बहुतेक वेळा आडवी नसते, खाली जाणारी असते, आणि खरा घोळ येथे आहे.

माती

सवाना मॉनिटर हा बिळात राहणारा प्राणी आहे. घानाच्या किनारी मैदानात त्याची पिल्ले मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत राहतात: निवाराही तोच आणि खाद्यही तेच. ज्या प्रदेशात दुपारी जमीन पाय ठेवू देत नाही, तेथे दोन फूट खाली हवा गार आणि दमट असते, आणि श्वासावाटे जाणारे पाणी जनावर तेथे वाचवते. पेटीत बीळ नसले की ते चोवीस तास कोरड्या, तापलेल्या हवेत राहते. रोज पाणी प्यायले तरी हळूहळू त्याच्या शरीरातील पाणी कमी होत जाते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि युरिक आम्ल साचून संधिवातासारखा विकार जडतो. पाळलेल्या सवाना मॉनिटरच्या अकाली मृत्यूंत हे कारण वारंवार आढळते. बाहेरून दिसते ती नाकाडावरची जखम. आत चाललेले असते ते हे.

म्हणून माती किमान दीड फूट, आणि जमल्यास दोन फूट खोल असावी. नारळाच्या काथ्याची भुकटी किंवा लाकडाची सालपटे येथे उपयोगाची नाहीत, कारण त्यांत बीळ टिकत नाही. जनावर खणते आणि वरचा भाग त्याच्या अंगावर ढासळतो. खत आणि कीटकनाशक नसलेली साधी बागेची माती आणि धुतलेली वाळू साधारण तीनास दोन या प्रमाणात मिसळावी. पाणी किती घालावे हे मोजपट्टीने सांगता येत नाही, पण शेतकऱ्याला ‘वाफसा’ हा शब्द सांगितला की पुढे काही सांगावे लागत नाही. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, तळहाताला पाणी लागू नये आणि अंगठ्याने दाबल्यावर तो गोळा फुटावा. आमच्या गॅरेजमध्ये मी आणि मुलगा दोन दिवस हेच करत होतो: पोते ओतायचे, पाणी शिंपडायचे, फावड्याने वरखाली करायचे आणि मूठ दाबून पाहायची. पहिल्या थरात आमचे पाणी जास्त झाले आणि तो थर आठवडाभर उघडा ठेवून सुकवावा लागला.

मादी असेल तर मातीची खोली अधिकच महत्त्वाची ठरते. नर जवळ नसतानाही मादीच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात, आणि ती घालण्याजोगे खोल, उबदार, दमट बीळ तिला मिळाले नाही तर ती अंडी अडवून धरते. त्यातून शस्त्रक्रियेची, कधी प्राण जाण्याचीही वेळ येते.

मापाचा हिशेब आतून बाहेर करावा

आपण बाजारात मिळणाऱ्या पेट्यांपासून सुरुवात करतो आणि त्यांत जनावर बसते का ते पाहतो. हिशेब याच्या उलट करावा. आधी माती, मग दिव्याचे अंतर, मग रुंदी, आणि लांबी सर्वांत शेवटी.

उंची अशी निघते. माती २४ इंच. मातीवर ठेवलेला सपाट दगड ४ इंच. दगडावर पसरलेल्या जनावराची जाडी आणखी ४ इंच. पाठीपासून दिव्यापर्यंतचे अंतर १४ इंच. दिवा आणि त्याची बैठक मिळून १० इंच. बेरीज ५६ इंच, म्हणजे पाच फुटांना जेमतेम कमी. सर्वत्र सांगितले जाणारे ८ × ४ × ४ फूट हे माप त्यामुळे दोन फूट मातीसाठी अपुरे पडते. ते इतके रूढ का झाले याविषयी माझा तर्क असा, की प्लायवूडची पूर्ण शीट ८ × ४ फुटांची येते आणि न कापता तीच चारी बाजूंना लावणे सुताराला सोयीचे पडते. लांबी-रुंदीसाठी ते माप उत्तमच आहे; उंचीला मात्र एक फूट वाढवावा, किंवा माती दीड फुटावर आणून दिवे छतात शक्य तितके वर बसवावेत. सवाना मॉनिटर मागच्या पायांवर आणि शेपटीवर तोल सावरून उभा राहतो. दगडावरून तसा उभा राहिला की त्याचे तोंड दिव्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून दिव्याभोवती जाळीचा पिंजरा अत्यावश्यक आहे.

रुंदी ठरवताना जनावराची शेपटीसह पूर्ण लांबी धरावी. यशवंती ९५ सेंटिमीटर, म्हणजे तीन फुटांहून थोडी अधिक आहे. तिला शेपूट काचेवर न आपटता सहज वळता यावे यासाठी चार फूट रुंदी लागते. दोन फूट रुंदीच्या पेटीत ती वळत असे ती गाडी बोळात मागेपुढे करून वळवावी तशी, आणि प्रत्येक वळणात नाकाड एकदा काचेला लागत असे. ती जखम घासण्याने होते हे आम्हाला माहीत होते. ती वळण्यानेही होते हे मुलाने काढलेल्या व्हिडिओत, वेग कमी करून पाहिल्यावर कळले.

लांबी आठ फूट. दोन फूट ऊन, तीन फूट आडोसा आणि मधली जागा, उरलेले तीन फूट गार टोक आणि पाण्याचे भांडे. भांडे असे असावे की जनावर त्यात पूर्ण बसू शकेल.

जर्मनीत १९९७ पासून सरड्यांच्या वर्गातील प्राण्यांसाठी किमान जागेची शासकीय शिफारस जनावराच्या अंगाच्या लांबीच्या पटीत सांगितली जाते आणि शेपूट त्यात धरली जात नाही. ही पद्धत मला फुटांच्या तयार कोष्टकापेक्षा शहाणपणाची वाटते, कारण ती आपल्याला आधी जनावर मोजायला लावते. मोजताना त्याला धरून ताणू नये. ते दगडावर पसरलेले असताना शेजारी एक वीट ठेवून सरळ वरून फोटो घ्यावा आणि विटेच्या लांबीवरून हिशेब करावा. पिल्लू असेल तर आजच्या नव्हे, प्रौढ लांबीने गणित मांडावे. आम्ही दोन काचपेट्यांवर जे पैसे घालवले, त्यांत लाकडाचा निम्मा खर्च निघाला असता.

इतर जातींविषयी थोडक्यात. ऑस्ट्रेलियातील काटेरी शेपटीचा अॅकी मॉनिटर साधारण दोन फुटांचाच होतो. एका जनावराला ४ × २ फूट तळ हा किमान, ६ × ३ फूट हा समाधानकारक, आणि माती फूटभर तरी हवी. सदनिकेत राहून मॉनिटर पाळायचाच असेल तर माझ्या मते हा एकच पर्याय आहे. पाण्यातील आशियाई मॉनिटर सहज सहा फुटांपर्यंत जातो. त्याच्यासाठी पेटी नव्हे, हौदासह एक अख्खी खोली लागते, आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी मापाचा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही. नाईल मॉनिटरविषयी एवढेच, की पाळून कंटाळलेल्या लोकांनी सोडून दिलेली आणि निसटलेली जनावरे फ्लोरिडातील केप कोरल भागात १९९० च्या दशकापासून मोकाट वाढली आहेत आणि २०२१ मध्ये त्या राज्याने ही जात प्रतिबंधित यादीत टाकली. घेण्यापूर्वी आपल्या राज्याचा आणि शहराचा नियम वाचावा.

वजनाचा प्रश्न

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही, आणि नेमका हाच घर पाडू शकतो. ८ × ४ फुटांच्या पेटीत दोन फूट माती म्हणजे ६४ घनफूट. ओलसर मातीचे वजन दर घनफुटाला ८० ते १०० पौंड धरले, तर एकूण अडीच टनांच्या आसपास भार होतो. तो ३२ चौरस फुटांवर पडतो, म्हणजे दर चौरस फुटाला १६० ते २०० पौंड. अमेरिकेतील लाकडी घरांची जमीन सामान्यतः दर चौरस फुटाला ४० पौंड भारासाठी आखलेली असते. वरच्या मजल्यावरील खोलीत ही पेटी ठेवणे म्हणजे मजला खाली येण्याची वाट पाहणे होय. ती जमिनीलगतच्या काँक्रीटवरच, म्हणजे तळघरात किंवा गॅरेजमध्ये ठेवावी. न्यू जर्सीतील एका मित्राने दुसऱ्या मजल्यावर पेटी बांधून माती भरायला घेतली होती. सहाव्या पोत्यानंतर खालच्या दिवाणखान्याच्या छताला बारीक तडा दिसला आणि त्याने पोती परत खाली आणली.

मातीचा रेटा आडवाही असतो. आमची पहिली लाकडी पेटी १८ मिलिमीटर प्लायवूडची होती, आतून तळ्याला अंथरतात तो जाड रबरी कागद लावलेला आणि कोपरे सिलिकॉनने बंद केलेले. माती भरल्यावर तिसऱ्या आठवड्यात समोरची फळी मधोमध बोटभर फुगली आणि वरच्या सरकत्या काचा खाचेतून निसटू लागल्या. माती अर्धी उपसून आम्ही फळ्यांना बाहेरून दोन ओळींत आडव्या जाड पट्ट्या मारल्या: एक तळापासून आठ इंचांवर आणि दुसरी मातीच्या वरच्या पातळीला. त्यानंतर फळी हललेली नाही. ज्यांना सुतारकाम जमत नाही त्यांनी शेतीच्या दुकानात मिळणारी गुरांना पाणी पाजायची पत्र्याची डोण तळ म्हणून वापरावी. आठ फूट लांब आणि दोन फूट खोल डोणी सहज मिळतात, त्या मातीचा रेटा सहन करतात, आणि त्यांवर फक्त लाकडाचा वरचा भाग बसवावा लागतो. रुंदी तीन फूटच मिळते ही उणीव आहे. लहान चणीच्या जनावराला ती चालते.

छत जाळीचे नसावे. जाळीतून ऊब आणि ओलावा दोन्ही निघून जातात, आणि मग दिवसातून चार वेळा पाणी फवारत बसावे लागते. छत लाकडाचे, आतून जलरोधक रंग दिलेले, आणि हवेसाठी समोरासमोरच्या भिंतींत मुठीएवढे एकेक भोक, जाळी लावून. दिवे एकाच प्रखर झोताचे न घेता, ८० ते १०० वॅटचे रुंद झोताचे दोन-तीन हॅलोजन शेजारी शेजारी लावावेत, म्हणजे पूर्ण अंगावर ऊन पडते. अतिनील (यूव्ही) किरणांची नळी वेगळी लावावी. दगडाचे तापमान अवरक्त किरणांच्या तापमापकानेच पाहावे. पेटीच्या भिंतीला चिकटवायचे गोल काट्याचे तापमापक केवळ भिंतीचे तापमान सांगतात.

नवी पेटी होईपर्यंत

पेटी बांधायला महिना-दीड महिना लागतो आणि जखम तोवर थांबत नाही. या काळात जुन्या काचपेटीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड तपकिरी कागद लावावा, म्हणजे जनावराला काच आहे हे कळते आणि धडका कमी होतात. जाळीच्या झाकणाचा दिव्यापासून लांबचा भाग अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकावा. दिव्याजवळ कागद किंवा प्लास्टिक काहीही येऊ देऊ नये. थंड बाजूला झाकणाचा खोल प्लास्टिकचा डबा ठेवून त्यात वाफशाची माती काठोकाठ भरावी आणि झाकणाला अंग जाईल एवढे भोक पाडावे. यशवंती त्या डब्यात पहिल्याच दिवशी शिरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मुलाला वाटले ती मेली. दुसरे जनावर सोबतीला आणण्याचा विचारही करू नये. जागा अपुरी असताना दोन मॉनिटर एकमेकांची बोटे आणि शेपट्या चावतात.

नव्या पेटीत सोडल्यावर जनावर आठवडा-दोन आठवडे दिसेनासे होते. ते बीळ खणत असते. त्याला उकरून बाहेर काढू नये. रोज सकाळी ही चार मापे वहीत लिहावीत: दगड, गार टोक, आर्द्रता, आणि बिळाच्या तोंडातून आत सरकवलेल्या तापमापकाच्या तारेवरचा आकडा. बिळातील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर आणि पेटीतील हवा त्याहून कोरडी असणे हे योग्य लक्षण आहे. माती पहिल्या महिन्यात दबते. आमची २४ इंचांची २० इंच झाली, तेवढी पुन्हा भरावी लागली. वरून पाणी शिंपडल्याने फक्त वरचा इंचभर भिजतो, म्हणून एका कोपऱ्यात भोके पाडलेली उभी नळी पुरून तिच्यातून आठवड्याला पाणी सोडावे.

जखम साधारण सहा आठवड्यांत कोरडी होऊन खपली पडते आणि नंतरच्या दोन-तीन कातींबरोबर नाकाडाचा रंग परत येतो. चारही आकडे महिनाभर बरोबर राहूनही खाणे सुरू होत नसेल, सांधे सुजलेले दिसत असतील किंवा विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग खडूसारखा कडक आणि पिवळसर असेल, तर पेटीत आणखी फेरफार करत बसू नये. सरीसृपांच्या पशुवैद्यांकडे नेऊन रक्तातील युरिक आम्लाची तपासणी करून घ्यावी, आणि जाताना ती वही सोबत न्यावी.